छत्र्या पुष्कळ झाल्या, आता सावली मोजा

पत्र

मी पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गाला शिकवते. मुलं ३८. ऋतूंचा पाठ आला की पावसाळ्यात कागदाची छत्री, हिवाळ्यात कापसाचा बर्फ, उन्हाळ्यात पिवळा हसरा सूर्य, असं दरवर्षी करून घेते. मुलं रमतात, फलक सजतो. परवा मात्र एकाला सहज विचारलं, "काल अंगणात पाणी साचलं होतं, ते कुठं गेलं रे?" तर म्हणाला, "पुसलं असेल कोणीतरी." आणि वर्गात सगळ्यात देखणी छत्री त्याचीच होती! तेव्हापासून मन खट्टू झालंय. शाळेला बाग नाही. सिमेंटचं अंगण आहे आणि कडेला एक झाड. तास ३५ मिनिटांचा. मुख्याध्यापकांना फलक भरलेला हवा, पालकांना वही भरलेली हवी. मी विज्ञान शिकलेली नाही, त्यामुळे मुलांनी काही भलतंच विचारलं तर, ही धास्ती वेगळीच. ऋतूंप्रमाणे वर्षभर खरोखर करून शिकता येईल असं काही सुचवाल का?

— एक वर्गशिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

"पुसलं असेल कोणीतरी" हे उत्तर मला फार आवडलं. त्या मुलानं आजवर जे पाहिलंय त्यावरून त्यानं काढलेला तो अगदी रास्त निष्कर्ष आहे. घरात पाणी सांडलं की कोणीतरी फडकं आणतं आणि पाणी जातं. आपोआप गेलेलं पाणी त्यानं कधी पाहिलेलंच नाही, कारण पाणी वाळताना बघत बसायला सवड कोणाला असते? तेव्हा खट्टू होऊ नका. त्याची छत्री चांगलीच होती, फक्त तुमच्या प्रश्नाशी तिचा काही संबंध नव्हता.

कापणं, चिकटवणं, रंगवणं ही हस्तकला. ती जरूर ठेवा, बोटांना वळण लागतं. पण हात चिकट झाले म्हणजे डोकं चाललं असं नाही. कुठलीही कृती ठरवताना स्वतःला एकच विचारा: ही फसू शकते का? कागदाची छत्री दरवेळी छत्रीच होते. पेरलेलं बी मात्र उगवेल किंवा उगवणार नाही, आणि सावली आपण म्हणू तिथं पडेल किंवा पडणार नाही. जिथं मुलाचा अंदाज चुकू शकतो तिथं ते टक लावून बघतं. पहिली-दुसरीच्या वयात एवढं साधलं तरी पुष्कळ.

आता त्या डबक्याकडेच वळू.

पाऊस उघडला की मुलांना घेऊन अंगणात जा. पाऊस नसेल तर सिमेंटच्या खोलगट जागी तांब्याभर पाणी ओता, तेही चालतं. पाण्याच्या काठाकाठानं खडूची रेघ ओढा आणि रेघेवर वेळ लिहा. मग विचारा, मधल्या सुट्टीपर्यंत हे केवढं राहील? प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचा खडू द्या. तेव्हा पाण्याचा काठ कुठवर आत सरकलेला असेल ते गटानं पाण्यातूनच बोट फिरवून दाखवायचं आणि त्याच्या समोर, कोरड्या काठावर, आपल्या रंगाची खूण करून ठेवायची. सुट्टीत परत या, नवा काठ आखा. शाळा सुटताना पुन्हा. पाणी काही सगळीकडून सारखं आत सरकत नाही. उथळ बाजू आधी कोरडी होते आणि जिथं खोल तिथं शेवटी चमचाभर उरतं. हे मुलंच ओरडून सांगतील, तुम्ही सांगू नका.

आणि "कोणीतरी पुसलं" म्हणणाऱ्या पठ्ठ्याला राखणीला बसवा. कोणी फडकं घेऊन आलं का, यावर त्यानंच पाळत ठेवायची, हवं तर जोडीला एक मित्र घेऊन. कोणी आलं नाही आणि पाणी तर कमी झालं, म्हणजे आता त्याला दुसरं कारण शोधणं भाग पडतं. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, "जमिनीनं पिऊन टाकलं." तिला खोडून काढू नका. थोडंफार पाणी जमिनीत मुरतंच. "मग हे तपासायचं कसं?" एवढंच विचारा. कोणी ना कोणी थाळीत पाणी ठेवायचं सुचवेल. नाहीच सुचलं तर तुम्ही थाळी आणून ठेवा. थाळी तर काही पाणी पीत नाही, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोरडी. "हवेत गेलं" हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं की मगच बाष्पीभवन हा शब्द द्या. आधी दिलात तर ती तो पाठ करतील आणि पाणी पुसलंच जात राहील.

यात ऋतू कुठं आला, असं वाटेल. तो पुढं येतो. तीच थाळी, तेवढंच पाणी, तीच जागा, आणि प्रयोग पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात. वाळायला किती वेळ लागला ते दरवेळी लिहून ठेवायचं. दमट हवेत रेंगाळणारं पाणी कडक उन्हात बघता बघता नाहीसं होतं. ऋतू म्हणजे बदल, आणि बदल दिसायला काहीतरी न बदलणारं लागतं. दर ऋतूला नवी कृती केली की मुलांना नवी कृती तेवढी दिसते, ऋतू दिसत नाही. म्हणून माझं सांगणं सरळ आहे: तीन-चारच गोष्टी धरा आणि वर्षभर त्यांच्याकडेच परत परत जा. ऊन, पाणी, बी आणि ते कडेचं झाड. बाग नाही हे एका अर्थी बरंच झालं. बागेत मुलं फुलपाखरामागं पळतात, एका झाडाकडे मात्र नीट बघतात.

हे काही पोरखेळाचं काम नव्हे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या एका जमीनदारानं १७३६ साली पहिलं फूल कधी दिसलं, झाडाला पहिलं पान कधी फुटलं, अशा तारखा टिपायला सुरुवात केली. त्याच्या घराण्यानं ही वही पिढ्यान्‌पिढ्या, थेट १९५८ पर्यंत चालवली. हवामान कसं बदलत गेलं हे शोधणाऱ्या अभ्यासकांना आज तिचा उपयोग होतो. लागलं काय? डोळे, तारीख आणि चिकाटी. पहिलीच्या मुलांकडे पहिलं भरपूर असतं, दुसरं फळ्यावर असतं, तिसरं तुम्ही पुरवायचं.

सावलीसाठी पहिल्या दिवशी जोड्या लावा. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याची पावलं आणि सावली खडूनं आखायची, आत नाव लिहायचं. दोन तासांनी त्याच पावलांवर पाय ठेवून उभं राहायला सांगा. सावली स्वतःच्या चित्रात बसतच नाही! काही मुलं हात वाकडे करून, कंबर तिरकी करून तिला बसवायचा प्रयत्न करतात. करू द्या, त्यातून जे कळतं ते फळ्यावर कळत नाही. मग पुढच्या तासाला ती कुठं पडेल याची खूण करायची. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र प्रत्येक वेळी बजावा, मुलांना पाठ झालं असलं तरी.

हे झालं एका दिवसाचं. वर्षासाठी वाळू भरलेल्या डब्यात एक सरळ काठी रोवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, घड्याळात ठरलेल्या वेळी (समजा सकाळी १० वाजता) तिची सावली पडेल तेवढी दोरी कापायची आणि तक्त्यावर महिन्याचं नाव लिहून वरच्या एका रेघेपासून खाली चिकटवायची. दोऱ्या शेजारी शेजारी लागत गेल्या की तो आपसूक आलेख होतो. सेंटिमीटर न येणारं मूलही दोरी लांब की आखूड हे सांगतं. उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या आसपासच्या दोऱ्या सगळ्यात लांब निघतील, कारण तेव्हा सूर्य आकाशात खालून चालतो. "सूर्य आज कुठवर चढलाय?" हे मुलं शाळेच्या भिंतीशी किंवा झाडाच्या शेंड्याशी ताडून बघायला लागली की अर्धी लढाई जिंकलात.

इथं दोन गोष्टी फक्त तुमच्यासाठी. "दुपारी बाराला सावली पायाखाली जाते" असं आपण बिनदिक्कत सांगतो. काठीची सावली पूर्ण नाहीशी होणं फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातच घडतं, तेही वर्षातून फार तर दोनदा. त्यामुळे ते वाक्य सांगूच नका, मुलांना बघू द्या. दुसरं, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते हा मोठ्यांचाही लाडका गैरसमज आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी पडलेली असते तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंश कललेला असल्यामुळे. हे दुसरीत शिकवायला जाऊ नका. चेंडू आणि मेणबत्ती घेऊन अक्ष समजावणारे उत्साही लोक असतात, पण या वयाच्या मुलाला त्यातली मेणबत्ती तेवढी लक्षात राहते.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, स्वेटर आणि बर्फ. ऐन उन्हाळ्यात करा. बर्फाचे दोन सारखे खडे दोन छोट्या पिशव्यांत घालून तोंड बांधा. एक तसाच ठेवा, दुसरा लोकरीच्या स्वेटरमध्ये नीट गुंडाळा. कुठला आधी वितळेल यावर हात वर करायला लावून मतं मोजा आणि फळ्यावर लिहा. जवळजवळ सगळा वर्ग स्वेटरवाल्याच्या विरोधात जातो. स्वेटर गरम असतो, मग बर्फ वितळणारच! वीस मिनिटांनी उघडा. उघडा खडा निम्मा पाणी झालेला असतो आणि स्वेटरमधला बऱ्यापैकी शाबूत. जो कालवा होतो तो होऊ द्या. शेजारच्या वर्गाला आधीच कल्पना देऊन ठेवा म्हणजे झालं.

मुलं लगेच म्हणतात, "बाई, स्वेटर बिघडलाय." त्यावर घाईनं खुलासा नको. तोच स्वेटर हिवाळ्यात पुन्हा काढा. दोन बाटल्यांत कोमट पाणी (कढत नको), एक उघडी आणि एक गुंडाळलेली. अर्ध्या तासानं दोन्हींना हात लावून बघायचं. या वेळी गुंडाळलेली बाटली जास्त ऊबदार. म्हणजे उन्हाळ्यात त्यानं बर्फ राखला आणि हिवाळ्यात ऊब राखली. स्वेटर स्वतः उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत आणि आतली बाहेर जायला वेळ लावतो, हे दुसरीच्या मुलांना या दोन प्रयोगांच्या मध्ये कधीतरी स्वतःहून उमगतं. सगळ्यांना नाही. ज्यांना नाही उमगलं त्यांना "आपला स्वेटर बर्फाला पण चालतो" एवढं आठवलं तरी पुढल्या इयत्तेतल्या बाई तुमचे आभार मानतील.

बियांचं तुम्ही करत असालच. त्यात थोडा बदल सुचवते. माती नको, पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. आत टिपकागदाची गुंडाळी करून बरणीच्या भिंतीला टेकवा आणि घेवड्याच्या किंवा दुसऱ्या अख्ख्या कडधान्याच्या बिया कागद आणि भिंत यांच्यामध्ये सरकवा, म्हणजे बाहेरून दिसतात. तळाला बोटभर पाणी. बिया पाण्यात बुडाल्या तर हवा न मिळून कुजतात. आधी खाली मूळ येतं, वर कोंब नंतर, याचंच मुलांना आश्चर्य वाटतं. मूळ बोटभर झालं की बरणी आडवी करा. दोन दिवसांत मूळ वळण घेऊन पुन्हा खाली वळलेलं दिसेल. एक बरणी कपाटात, काळोखात ठेवा आणि पुन्हा मतं घ्या. काळोखात बी उगवणार नाही असं बहुतेक जण म्हणतात. ते उगवतं, उजेडातल्यापेक्षा उंचही होतं, पण पिवळट आणि लुळं. सुरुवातीची शिदोरी बियातच असते, उजेडाची गरज पुढं पडते. हाच प्रयोग थंडीत आणि उन्हाळ्यात केला तर मूळ दिसायला लागणारे दिवस वेगळे येतात, ते मोजून ठेवा. पेरणीसाठी विकतात ते रंगीत, औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हाती देऊ नका. आणि प्रत्येक मुलाला एकेक बी हा सोस टाळा. ज्याचं उगवत नाही तो आठवडाभर रुसतो. गटाला सहा-सात बिया द्या.

झाडाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या समोरच आहे. हाताशी येणाऱ्या एका फांदीला फीत बांधा आणि दर महिन्याला तीच फांदी काढायला सांगा. पानं खाली पडलेलीच घ्यायची, तोडायची नाहीत. पानांचे ढीग करताना नियम मुलांनी ठरवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. एक गट कडा बघेल, दुसरा किडीनं पाडलेली भोकं. उन्हाच्या दिवशी पानांच्या एका डहाळीला पारदर्शक पिशवी घट्ट बांधा. काही तासांत आत थेंब जमतात. पानातून पाणी बाहेर पडतं हे कोणी सांगावं लागत नाही. पिशवी त्याच दिवशी सोडा.

पर्जन्यमापक करायचा असेल तर उभ्या सरळ भिंतीची दोन भांडी घ्या, एक रुंद, एक अरुंद, आणि झाड-छपरापासून लांब उघड्यावर ठेवा. रुंद भांड्यात जास्त उंच पाणी भरेल अशी मुलांची खात्री असते. उंची दोन्हींत सारखीच निघते. पाणी रोज ओतून टाका, नाहीतर डासांची सोय होते.

आता ३८ मुलं आणि ३५ मिनिटं. चार-चार मुलांचे सात गट आणि पाच-पाचांचे दोन, असे नऊ गट करा. सगळ्या वर्गाला घेऊन बाहेर पडणं पंधरा दिवसांतून एकदाच. एरवी रोज एक गट निरीक्षक. त्यांनी बरणी, थाळी, फांदी बघून यायची आणि दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर पाच मिनिटांत सांगायचं. बाहेर जाताना वह्या नेऊ नका. अर्धा वेळ पेन्सिल शोधण्यात जातो. फक्त खडू न्या आणि चित्र वर्गात येऊन काढा. बघितलेलं आठवून काढताना किती बघितलं ते बरोबर कळतं.

प्रश्न विचारलात की गप्प बसा. हे वाटतं तितकं सोपं नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलं लांब, विचारपूर्वक उत्तरं देतात, आणि एरवी न बोलणारीही बोलतात. मनात तीन अंक मोजा. पहिल्यांदा तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

वहीचं म्हणाल तर प्रत्येक नोंदीला तारीख, चित्र, "मला वाटलं" आणि "असं झालं" एवढंच. पहिलीला चित्र आणि एक शब्द पुरे. एक नियम कडक ठेवा: चुकलेला अंदाज खोडायचा नाही, त्या तासाला खोडरबर दप्तरात. पालक ती वही बघून "हे चुकलंय की" म्हणतील. त्यांना सभेत स्वेटरचा प्रयोग करून दाखवा, आधी हात वर करायला लावून. त्यांचेही अंदाज चुकले की तक्रार राहत नाही. मुख्याध्यापकांच्या फलकावर दोऱ्यांचा तक्ता, फांदीची महिन्यावार चित्रं आणि वाळत्या डबक्याचे आराखडे लावा. ३८ सारख्या छत्र्यांपेक्षा त्यासमोर माणूस जास्त वेळ थांबतो, आणि दर महिन्याला फलक नव्यानं सजवायची तुमचीही दगदग वाचते.

राहिली तुमची धास्ती. मुलांचे प्रश्न दोन प्रकारचे येतील. "रात्री पण पाणी वाळतं का?" हा करून बघण्याजोगा. त्याला "बघू या, कसं बघायचं?" हे पूर्ण उत्तर आहे, विज्ञानाची पदवी लागत नाही. "सूर्य कोणी पेटवला?" हा करून बघण्याजोगा नाही. तो भिंतीवरच्या एका कागदावर मुलाच्या नावासकट लिहा आणि शनिवारी पुस्तकात शोधा, मुलांसमक्ष. कागदावर लिहून तिथंच सोडून दिलात तर महिन्याभरात प्रश्न यायचे थांबतील, मुलं याबाबतीत फार हिशेबी असतात.

एकदम सगळं अंगावर घेऊ नका. या आठवड्यात फक्त काठी रोवून पहिली दोरी कापा, कारण बी-बर्फ पुढच्या महिन्यातही जमेल, पण गेलेल्या महिन्याची सावली नंतर मोजता येत नाही. ज्या महिन्यात शाळा बंद असते त्याची जागा तक्त्यावर मोकळीच ठेवा. सुट्टी संपली की आजूबाजूच्या दोऱ्या बघून तिथली दोरी केवढी असेल ते मुलांनाच ठरवू द्या.